हिऱ्याच्या पोटातला नकाशा: कृत्रिम हिऱ्यातील दोष आणि अशुद्धी चित्रांत टिपताना

प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्याच्या आत नायट्रोजन, सिलिकॉन, बोरॉन नेमके कुठे बसले आहेत आणि स्फटिकाची रचना कुठे बिघडली आहे, याचा नकाशा काढणे हा माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधाचा एक भाग होता. तो नुकताच पूर्ण झाला. काम हाती घेतले तेव्हा आधी काय करायचे, नंतर काय, अर्ज कुठे करायचा आणि पैसे किती लागतात हे सलग सांगणारे लेखन मला कुठेही मिळाले नव्हते. शोधनिबंधांत चित्रे छापलेली असतात, पण त्या चित्रांपर्यंत पोचण्याची वाट त्यांत लिहिलेली नसते. मी चालले ती वाट इथे क्रमाने मांडते आहे, म्हणजे पुण्यात, मुंबईत किंवा सुरतेत हेच काम सुरू करणाऱ्याला चाचपडावे लागणार नाही.

आधी या नकाशाची गरज का पडते ते सांगते. हिऱ्यासोबत येणाऱ्या कागदावर बहुधा एकच आकडा असतो: नायट्रोजन एक पीपीएमपेक्षा कमी, म्हणजे कार्बनच्या दहा लाख अणूंमागे नायट्रोजनचा एकही अणू भरत नाही. हा आकडा खोटा नसतो, पण तो सरासरीचा असतो, आणि हिऱ्याच्या बाबतीत शितावरून भाताची परीक्षा करता येत नाही. सीव्हीडी, म्हणजे वायूतून थरावर थर बसवण्याच्या, पद्धतीत मिथेन आणि हायड्रोजन यांचा मायक्रोवेव्हने पेटवलेला प्लाझ्मा असतो. त्याच्याखाली सीड म्हणून ठेवलेल्या पातळ हिऱ्यावर कार्बन बसत जातो आणि ताशी काही मायक्रॉन या गतीने ही वाढ कित्येक दिवस, कधी कधी आठवडे चालते. या काळात वायूंच्या मिश्रणात, तापमानात किंवा दाबात जो फरक पडतो, तो त्या त्या उंचीवरच्या थरात कायमचा नोंदला जातो. एचपीएचटी, म्हणजे उच्च दाब-उच्च तापमानाच्या, पद्धतीत ५ ते ६ गिगापास्कल दाबाखाली आणि १३०० ते १६०० अंश सेल्सिअस तापमानाला, वितळलेल्या लोह, निकेल, कोबाल्ट अशा धातूंत कार्बन विरघळवून हिरा वाढवतात. तिथे थरांऐवजी क्षेत्रे पडतात. अष्टफलकाच्या बाजूंवर वाढलेले क्षेत्र नायट्रोजन अधिक घेते, घनाच्या बाजूंवर वाढलेले कमी घेते, आणि धातूंपैकी निकेल तर अष्टफलकाच्या क्षेत्रांतच शिरते. अंगठीतल्या खड्यासाठी हा फरक फारसा महत्त्वाचा नसतो. त्याच हिऱ्यातून चुंबकीय क्षेत्र मोजणारा संवेदक किंवा किरणोत्साराचा शोधक बनवायचा असेल, तर मात्र कोणत्या कोपऱ्यात, किती खोलीवर काय आहे हे माहीत असल्यावाचून पुढे पाऊल टाकता येत नाही.

काळ या विषयाला अनुकूल होता. २०२३च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या हिऱ्यांच्या सीडवरचे सीमाशुल्क रद्द झाले आणि एका आयआयटीला संशोधनासाठी पाच वर्षांचे अनुदान जाहीर झाले. पुढे ते केंद्र आयआयटी मद्रासमध्ये उभे राहिले. आमच्या विभागातही त्यामुळे या हिऱ्यांकडे लक्ष वळले आणि माझ्या मार्गदर्शक मॅडमच्या चालू प्रकल्पात थोडी तरतूद बसली. पण तरतूद असणे आणि वस्तू हातात येणे यांत बरेच अंतर असते. जून २०२३ मध्ये मी खरेदीचा प्रस्ताव टाकला. सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर अशी वस्तू उपलब्ध नसल्याचा दाखला काढणे, तीन ठिकाणची दरपत्रके मागवणे, तुलनात्मक तक्ता करणे, मॅडमची आणि विभागप्रमुखांची सही घेणे हे सगळे रीतसर झाले. मात्र लेखा विभागाने फाइल परत पाठवली, कारण प्रस्तावात 'हिरा' असा शब्द होता आणि मौल्यवान रत्नांच्या खरेदीला वेगळी मंजुरी लागते असे त्यांचे म्हणणे पडले. मॅडमनी पानभर खुलासा लिहून दिला, त्यावर चर्चा झाली, पुन्हा सह्या झाल्या, आणि खरेदीचा आदेश निघेपर्यंत दिवाळी आली. ज्यांना असा प्रस्ताव लिहायचा आहे त्यांनी पहिल्याच ओळीत 'एकस्फटिकी कार्बनची सीव्हीडी चकती, संशोधनासाठी, उपभोग्य वस्तू' असे लिहावे आणि सोबत दरपत्रकावर त्याच शब्दांचा आग्रह धरावा. यात लपवाछपवी काही नाही. वस्तू खरोखरच तशी आहे.

आदेश देण्याआधी सुरतेच्या कारखान्यातल्या अभियंत्यांशी सविस्तर बोलून घेतले, आणि या बोलण्याचा मला पुढे सर्वांत अधिक उपयोग झाला. मी मागितलेल्या सीव्हीडी चकत्या दोन प्रकारच्या होत्या. एक नेहमीची, वाढीच्या दिशेला आडवी कापलेली, ३ मिलिमीटर लांब-रुंद आणि अर्धा मिलिमीटर जाड. दुसरी त्याच गठ्ठ्यातल्या हिऱ्यातून उभी कापलेली, म्हणजे सीडपासून वरच्या पृष्ठभागापर्यंतची सगळी वाढ जिच्या तोंडावर उघडी दिसेल अशी. आडव्या चकतीत थर एकमेकांच्या खाली दडलेले असतात. उभ्या कापात ते शेजारी शेजारी दिसतात. कारखान्याला उभा काप देणे जिवावर येते, कारण त्यात विकण्याजोगा माल वाया जातो, म्हणून त्याचे पैसे जास्त पडतात. आम्हाला आडव्या चकतीचे दहा हजारांच्या आसपास आणि उभ्या कापाचे जवळजवळ दुप्पट पडले. तुलनेसाठी एक पिवळसर एचपीएचटी चकतीही घेतली. माल पाठवायचा प्रश्न आला तेव्हा कारखान्याने सवयीप्रमाणे आंगडियाचे, म्हणजे मौल्यवान माल पोचवणाऱ्या खासगी निरोप्याचे, नाव सुचवले. विद्यापीठाच्या नियमांत ते बसत नसल्याने विमा उतरवलेल्या कुरिअरने पुड्या आल्या. भांडारातल्या नोंदवहीत वजन ग्रॅममध्ये लिहायचे असते आणि पुडीवर 'आठ सेंट' असे लिहिलेले होते. शंभर सेंट म्हणजे एक कॅरट आणि एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम, हा हिशेब मांडून चकतीसमोर ०.०१६ ग्रॅम अशी नोंद झाली. चकतीच्या मापांवरून घनता ३.५१ धरून वजन काढले तरी तेच येते, आणि पुडीत आपण मागितलेलीच वस्तू आहे याची तेवढ्यावर पहिली खात्री होते.

पुड्या उघडल्यावर मोजमापाची घाई करू नये, असे मी आवर्जून सांगेन. पहिले काम खूण करण्याचे. चौरस चकतीचे चारही कोपरे सारखे दिसतात, दोन्ही तोंडेही सारखीच दिसतात, आणि वेगवेगळ्या ठिकाणी काढलेली चित्रे एकमेकांवर बसवायची असतील तर कोणता कोपरा कोणता हे दर वेळी निर्विवाद कळावे लागते. आम्ही एका कोपऱ्याजवळ, कडेला, लेसरने बारीक आडवी रेघ करून घेतली आणि वहीत तिचे रेखाचित्र काढून वाढीची दिशा बाणाने दाखवली. लेसरने कापलेल्या कडांवर ग्रॅफाइटचा काळा थर असतो. तो काढण्यासाठी गंधकाम्ल आणि नत्राम्ल यांच्या उकळत्या मिश्रणात चकत्या साफ कराव्या लागतात. विभागाच्या सुरक्षा समितीची परवानगी, फ्यूम हूड, तोंडावर ढाल आणि जाड हातमोजे असल्याखेरीज हे काम कोणी करू नये. आमच्या प्रयोगशाळेतले ज्येष्ठ तंत्रज्ञ काका शेजारी उभे राहिल्याशिवाय मॅडमनी मला शेगडी पेटवू दिली नाही, आणि ते योग्यच होते.

पहिले चित्र फुकटात मिळते. हिऱ्याचे जालक घनाकृती असल्यामुळे दोन काटकोनातल्या ध्रुवकांमध्ये, म्हणजे एकाच दिशेची प्रकाशकंपने जाऊ देणाऱ्या चकत्यांमध्ये, तो ठेवला तर संपूर्ण काळा दिसायला हवा. जिथे आतून ताण असतो तिथे प्रकाश गळतो. भूशास्त्र विभागातल्या ध्रुवित सूक्ष्मदर्शकाखाली आडवी चकती ठेवली आणि काळ्या पार्श्वभूमीवर ठिकठिकाणी चार पाकळ्यांची उजळ फुले उमटली. वाढीच्या दिशेने उभ्या चढत गेलेल्या डिसलोकेशनांकडे, म्हणजे अणूंच्या ओळी जिथे चुकून सरकल्या आहेत अशा रेषांकडे, थेट टोकाकडून पाहिले की त्यांच्याभोवतीचा ताण असा चार पाकळ्यांत दिसतो. काही फुले सुटी होती, काही एकमेकांत मिसळून ढगासारखी झाली होती. त्या दुपारी मला प्रथमच वाटले की हे काम आपल्याच्याने होईल. उभ्या कापात तीच डिसलोकेशने सीडच्या सीमेपासून निघून वर पंख्यासारखी पसरताना दिसली.

यानंतरचा क्रम फार विचार करून ठरवावा लागतो, कारण काही मोजमापे हिऱ्याची अवस्था बदलतात. तीव्र अतिनील प्रकाश पडला किंवा चकती तापवली, की नायट्रोजनच्या आणि इतर दोषांच्या विद्युतभारात फेरबदल होतो, आणि तोच हिरा आदल्या दिवशीपेक्षा वेगळे शोषण दाखवू लागतो. म्हणून अवरक्त मोजमाप आधी आणि अतिनील चित्रण नंतर ठेवले, चकत्या काळ्या डबीत ठेवल्या, आणि कोणत्या दिवशी कोणता प्रकाश किती वेळ पडला याची नोंद ठेवली. हिऱ्यात खड्डा पाडणारी पद्धत साहजिकच सर्वांत शेवटी.

उपकरणे शोधण्यासाठी आय-स्टेम हे केंद्र सरकारचे पोर्टल उपयोगी पडते. देशभरातल्या संस्थांमधली उपकरणे तिथे नोंदलेली असतात आणि वेळेसाठी अर्जही तिथूनच करता येतो. अवरक्त सूक्ष्मदर्शकाची वेळ मला जानेवारी २०२४ मध्ये मिळाली. हिरा स्वतःच सुमारे १५०० ते २६८० प्रति सेंटिमीटर (हे तरंगसंख्येचे एकक) या पट्ट्यात शोषण करतो आणि ते प्रत्येक हिऱ्यात ठरलेले असते, त्यामुळे जाडी न मोजताही त्या पट्ट्यावरून बाकीचे शिखर मापता येते. सुट्या नायट्रोजनची शिखरे ११३० आणि १३४४ या आकड्यांवर येतात. ११३० वर एक प्रति सेंटिमीटर शोषण म्हणजे सुमारे २५ पीपीएम नायट्रोजन. एचपीएचटी चकतीचा नकाशा यावरून सुरेख उतरला: मधला घनाच्या बाजूचा भाग फिका आणि भोवतीची अष्टफलकी क्षेत्रे गडद, सीमा तर पट्टीने आखल्यासारख्या. सीव्हीडी चकत्यांत मात्र नायट्रोजनचे शिखर गोंगाटातून वर आलेच नाही, आणि ३१२३ वर नायट्रोजन, रिकामी जागा (जिथे कार्बनचा अणू नाही अशी) व हायड्रोजन यांच्या गटाचे बारीक शिखर काही ठिकाणी जेमतेम दिसले. हे अपयश नव्हे. एक पीपीएमच्या खालचा नायट्रोजन या पद्धतीच्या आवाक्याबाहेर असतो, आणि तो आवाक्याबाहेर आहे एवढे कळणे हीसुद्धा माहिती असते. शैक्षणिक दर तासाला हजार रुपयांच्या आत होता, त्यावर १८ टक्के जीएसटी. हा कर प्रस्तावात धरायला पुष्कळ जण विसरतात आणि मग देयक अडकते.

खरे काम फोटोल्युमिनेसन्सच्या नकाशांनी झाले. यात लेसरचा बारीक ठिपका चकतीवरून सरकवत नेतात आणि प्रत्येक बिंदूवर बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा वर्णपट नोंदतात. नायट्रोजनच्या शेजारी रिकामी जागा असलेला दोष विद्युतभाररहित असेल तर ५७५ नॅनोमीटरला आणि ऋणभारित असेल तर ६३७ नॅनोमीटरला रेषा देतो. सिलिकॉनचा दोष ७३७ नॅनोमीटरला देतो. लेसर ५३२ नॅनोमीटरचा असेल, तर हिऱ्याची १३३२ प्रति सेंटिमीटरची रामन रेषा, म्हणजे जालकाच्या कंपनांमुळे विखुरलेल्या लेसरच्या प्रकाशाची रेषा, ५७२.६ नॅनोमीटरला पडते, म्हणजे ५७५ च्या अगदी खेटून. नवख्या माणसाला या दोन रेषा एकच वाटू शकतात, म्हणून बारीक रेघांची जाळी लावून त्या सुट्या करून घ्याव्यात. सुट्या झाल्या की तीच रामन रेषा मोठी मदत करते: प्रत्येक बिंदूवरच्या तीव्रतेला तिथल्या रामन तीव्रतेने भागले, की फोकस हलल्यामुळे किंवा पृष्ठभाग तिरका असल्यामुळे आलेला फरक निघून जातो आणि उरतो तो हिऱ्यातलाच फरक.

इथे वेळेचा हिशेब आधी करावा. शंभर गुणिले शंभर बिंदूंचा नकाशा आणि दर बिंदूला एक सेकंद म्हटले, तर दहा हजार सेकंद, म्हणजे सुमारे पावणेतीन तास होतात. भाडे तासावर असते. मी आधी मोठ्या अंतरावर बिंदू घेऊन सबंध चकतीचा कच्चा नकाशा काढत असे आणि मग जिथे काही दिसेल तेवढ्याच चौकटीत बारीक नकाशा घेत असे. खोलीचे मोजमाप करतानाही एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. हिऱ्याचा अपवर्तनांक सुमारे २.४ आहे, त्यामुळे कोरड्या वस्तुभिंगाखाली टेबल १०० मायक्रॉन वर सरकवले तर फोकस हिऱ्याच्या आत निदान २४० मायक्रॉन खाली गेलेला असतो. सामान्य तापमानाला नायट्रोजनच्या दोषाचा रुंद पट्टा ६०० पासून ८०० नॅनोमीटरपर्यंत पसरतो आणि सिलिकॉनची रेषा त्यात बुडते. द्रव नायट्रोजनवर चालणारा कोल्ड स्टेज, म्हणजे नमुना थंड ठेवणारे टेबल, वापरला, की रेषा धारदार होतात. मार्चच्या उन्हात द्रव नायट्रोजनचा देवार, म्हणजे थर्माससारखे भांडे, गाठोड्यासारखा सांभाळत एका इमारतीतून दुसरीकडे न्यावा लागला, आणि तो पोचेपर्यंत किती उडून जाईल याची धाकधूक रोजच असे.

त्या थंड नकाशात उभ्या कापावर जे दिसले ते मी आजही पुनःपुन्हा उघडून पाहते. सीडच्या सीमेवर ७३७ नॅनोमीटरची एक उजळ रेघ. तिच्या वर नायट्रोजनच्या दोषाचा फिका, म्हणजे कमी दीप्तीचा, पट्टा, मग गडद, म्हणजे जास्त दीप्तीचा, पट्टा, मग पुन्हा सिलिकॉनची केसाएवढी रेघ, आणि तिच्यापासून नव्याने सुरू झालेली वाढ. पट्ट्यांच्या आतही तिरप्या बारीक रेषा होत्या. सीव्हीडी हिरा पायऱ्यापायऱ्यांनी वाढतो आणि पायरीच्या उभ्या बाजूवर व आडव्या बाजूवर नायट्रोजन सारखा शिरत नाही, त्यातून या रेषा पडतात. सिलिकॉन येतो तो बहुधा रिॲक्टरच्या क्वार्ट्झच्या खिडकीतून किंवा नळीतून. प्लाझ्मा ती किंचित खरवडतो.

अशा वेळी ॲना मणी यांची आठवण होते. १९४०च्या दशकात बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हिऱ्यांच्या दीप्तीचे वर्णपट घेतले, तेव्हा एकेका छायापट्टीला पंधरा ते वीस तास प्रकाश द्यावा लागत असे. एम.एस्सी.ची पदवी नाही या कारणाने मद्रास विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. नाकारली. १९४८ मध्ये त्या पुण्यात हवामान खात्यात आल्या आणि पुढचे मोठे काम त्यांनी हवामानाच्या उपकरणांवर केले. आमच्या शहराशी जोडलेले हे नाव हिऱ्यांच्या अभ्यासाशीही जोडलेले आहे, हे आमच्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते.

उन्हाळ्यात मुंबईच्या एका रत्नपरीक्षण प्रयोगशाळेने अतिनील चित्रणाची सोय करून दिली. डी बिअर्सने विकसित केलेल्या डायमंडव्ह्यू या उपकरणात २३० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश वापरतात. हिऱ्याची ऊर्जा-फट (आतला इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी ऊर्जा) ५.४७ इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे सुमारे २२७ नॅनोमीटर असल्याने हा प्रकाश आत खोल न शिरता पृष्ठभागाजवळच शोषला जातो, आणि चित्र त्या पातळ थराचेच मिळते. फोटोल्युमिनेसन्सला जिथे तास लागले तिथे हे रंगीत चित्र काही सेकंदांत आले: नायट्रोजनच्या दोषाचा केशरी-लाल पट्टा, आणि त्यात डिसलोकेशनांच्या जुडग्यांचे निळे-जांभळे धागे. दिवा बंद केल्यावर एचपीएचटी चकती थोडा वेळ चमकत राहिली का, हेही पाहून घ्यावे. ती स्फुरदीप्ती बोरॉनकडे बोट दाखवते. तिथल्या मॅडम रोज शेकडो खडे तपासतात. त्यांनी चित्राकडे नजर टाकून वाढ किती वेळा थांबली असावी ते सांगितले, आणि ते माझ्या नकाशाशी जुळले. सरावाच्या डोळ्याबद्दल मला अपार आदर वाटला.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातले कॅथोडोल्युमिनेसन्स, म्हणजे इलेक्ट्रॉनांचा मारा करून दीप्ती टिपणे, मी थोडक्यातच केले. त्याचा विशेष गुण असा की इलेक्ट्रॉनांची ऊर्जा बदलून खोली निवडता येते: ५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला सुमारे ०.३ मायक्रॉन, २० ला जवळजवळ ३ मायक्रॉन. हिरा वीज वाहत नाही म्हणून पातळ लेप द्यावा लागतो, आणि तो नंतर पुन्हा आम्लाने काढावा लागतो.

डिसलोकेशनांचे खरे चित्र क्ष-किरण टोपोग्राफीतून मिळते, आणि त्यासाठी आम्ही इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातल्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनकडे, म्हणजे तीव्र क्ष-किरण देणाऱ्या यंत्राकडे, अर्ज केला होता. या वर्तुळाकार यंत्राचा परीघ १७२.५ मीटर आहे आणि त्यात २.५ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन फिरत राहतात. अर्जात काय मोजायचे, नमुने किती, धोकादायक काही आहे का, आणि साध्या क्ष-किरण नळीवर हे का होणार नाही, हे लिहावे लागले. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नेमके असावे. आम्ही उभ्या कापाचा सूक्ष्मदर्शकातला फोटो जोडला आणि कोणत्या जागेचे, किती बारकाव्याचे चित्र हवे ते त्यावरच खुणेने दाखवले. मंजुरीनंतर कागदपत्रे सुरू झाली: संस्थेचे पत्र, ओळखपत्र, लॅपटॉपचा अनुक्रमांक. इकडे आमच्या विद्यापीठातून चकत्या बाहेर नेण्यासाठी 'परत आणण्याच्या अटीवर' गेट पास लागला, आणि त्यावर किंमत लिहिल्यावर सुरक्षा विभागाने पुन्हा खुलासा मागितला. हा पास प्रवासाच्या निदान पंधरवडाभर आधी मागावा.

सप्टेंबर २०२४ मध्ये वेळ मिळाली. छातीवर किरणोत्साराची मात्रा मोजणारा बिल्ला लावून इमेजिंग बीमलाइनवर पोचले तेव्हा मनावर दडपण होते, कारण पाळीचे तास ठरलेले असतात आणि ते गेले की गेले. पांढऱ्या, म्हणजे अनेक तरंगलांबींच्या मिश्र शलाकेत चकती ठेवली की पलीकडे ठिपक्यांची नक्षी उमटते आणि त्यातला प्रत्येक ठिपका हे चकतीचे एकेक स्वतंत्र चित्र असते. प्रत्येकात स्फटिकाची वेगळी प्रतले परावर्तन करतात. डिसलोकेशनमुळे अणू ज्या दिशेने सरकले आहेत ती दिशा आणि प्रतलांना लंब असलेली दिशा काटकोनात आली, तर ते डिसलोकेशन त्या चित्रातून नाहीसे होते; म्हणून वेगवेगळ्या दिशांची निदान तीन चित्रे घ्यावीत आणि कोणती रेषा कुठे दिसते, कुठे दिसत नाही, यावरून तिचा प्रकार ठरवावा. चकती गोंदाने घट्ट चिकटवू नये, कारण गोंद सुकताना जो ताण देतो तोही चित्रात उतरतो. मेणाचा एकच बारीक ठिपका कोपऱ्याला पुरतो. पडद्यावर पहिले चित्र स्थिरावले तेव्हा सीडच्या सीमेवरच्या घासकामाच्या सूक्ष्म ओरखड्यांपासून निघालेली डिसलोकेशनांची जुडगी स्पष्ट दिसली, आणि सिलिकॉनच्या दुसऱ्या रेघेपाशी आणखी काही नवी जन्मलेली. जी. एन. रामचंद्रन यांनी बंगळूरला हिऱ्याची क्ष-किरण टोपोग्राफे घेऊन १९४४ मध्ये प्रसिद्ध केली होती. त्यांच्यापाशी ना सिंक्रोट्रॉन होता ना संगणक. आपल्याच देशात या कामाची परंपरा ऐंशी वर्षांची आहे, या जाणिवेने मला त्या रात्रपाळीत बळ दिले.

शेवटी सिम्स. सीझियमच्या आयनांनी पृष्ठभाग खरवडत जाऊन सुटणारे कण मोजण्याची ही पद्धत आहे. नायट्रोजन एकट्याने नीट मोजता येत नाही म्हणून कार्बन-नायट्रोजनची जोडी मोजतात. खर्च मोठा, नमुन्याला पाच आकडी, आणि वाट पाहणे दोन महिन्यांच्या पुढे. म्हणून खड्डे कुठे पाडायचे ते फोटोल्युमिनेसन्सच्या नकाशावर आधी खुणा करून पाठवले: फिक्या पट्ट्यात एक, गडद पट्ट्यात एक, सिलिकॉनच्या रेघेवर एक. अहवालात आकडे दर घन सेंटिमीटरमागच्या अणूंत येतात. हिऱ्यात एक पीपीएम म्हणजे १.७६ गुणिले दहाचा सतरावा घात इतके अणू, हे टिपून ठेवावे. गडद पट्ट्यात नायट्रोजन एक पीपीएमच्या आसपास निघाला आणि फिक्या पट्ट्यात त्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी. दीप्तीचा नकाशा आणि नायट्रोजनचे प्रमाण एकच नव्हे, हेही इथे पक्के झाले. वाढलेल्या अवस्थेतल्या सीव्हीडी हिऱ्यात रिकाम्या जागेशेजारी बसलेला नायट्रोजन एकूण नायट्रोजनच्या एक टक्काही नसतो, आणि त्याचा वाटा थरागणिक बदलू शकतो.

सगळी चित्रे एकमेकांवर बसवायला फिजी हे मोफत सॉफ्टवेअर पुरले. टोपोग्राफ तिरक्या कोनातून पडत असल्याने एका दिशेने दबलेले असते आणि काही वेळा आरशातल्यासारखे उलटे असते. कोपऱ्यावरची लेसरची रेघ नसती तर ते सरळ करणे अशक्य झाले असते. मूळ वर्णपट, नुसती रंगवलेली चित्रे नव्हे, दोन वेगळ्या डिस्कवर ठेवले आहेत.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मी हे एकत्र केलेले चित्र कारखान्याला पाठवले. अभियंत्यांनी त्या हिऱ्यांची वाढीची नोंदवही उघडून पाहिली. सिलिकॉनची दुसरी रेघ ज्या उंचीवर आहे, तिथेच रिॲक्टर साफसफाईसाठी उघडून पुन्हा सुरू केला होता, आणि गडद पट्टा त्यानंतर वायूंचे प्रमाण बदलल्यावरचा होता. आता ते सीड लावण्यापूर्वी आणि वाढ पुन्हा सुरू करण्यापूर्वी हायड्रोजन-ऑक्सिजन प्लाझ्माने पृष्ठभाग खरवडण्याचा वेळ बदलून पाहणार आहेत, आणि त्यातून निघणाऱ्या हिऱ्यांचे उभे काप या वेळी स्वतःहून देणार आहेत. आडवी चकती मी भांडारात परत जमा केली. उभ्या कापाच्या नोंदीसमोर 'तीन खड्डे, संशोधनात वापर' असा शेरा लिहून घेतला, त्यावर मॅडमची सही घेतली आणि गेट पास बंद करून त्याची प्रत फाइलला लावली. पुढच्या खरेदीच्या वेळी लेखा विभाग तीच प्रत मागतो.